सकाळी आरपार, दुपारी अर्धवट: चार किरणांच्या डायोड लेसरचा परत परत येणारा बिघाड

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. वीस वॉटचं डायोड लेसर मशीन, ३ मि.मी. प्लाय, रुखवताच्या वस्तू किंवा दारावरच्या नावाच्या पाट्या. सकाळच्या पहिल्या शीटला कट आरपार. दुपारी तीच फाइल, तोच वेग, पण तुकडा खालून चिकटलेला. काच पुसली की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. कुणी वेग निम्मा करतो, कुणी दोन फेऱ्या मारतो, शेवटी 'मॉड्यूल (लेसरचं डोकं) गेलं' म्हणत नवं मागवलं जातं, आणि पुढच्या सीझनला तेही तसंच वागतं.

मराठवाड्यात ही तक्रार वर्षातून दोनदा उफाळते. एकदा एप्रिल-मेमध्ये, लगनसराईची कामं आणि ४२-४३ अंशांचं ऊन एकत्र आलं की. दुसऱ्यांदा भाद्रपदात, गणपती आणि महालक्ष्म्यांच्या सजावटीची कामं सुरू झाली की. पहिल्या वेळी दोष बहुतेक उष्णतेचा असतो, दुसऱ्या वेळी ओल धरलेल्या प्लायचा. दोन्हींवर 'वेग कमी करा' हा एकच उपाय केला जातो, म्हणून दुखणं हटत नाही.

आत काय असतं

वीस वॉटच्या मॉड्यूलमध्ये वीस वॉटचा एक डायोड नसतो. साधारण ४५० नॅनोमीटरचे, प्रत्येकी पाच-साडेपाच वॉटचे चार निळे डायोड असतात. दहा वॉटमध्ये दोन, चाळीसमध्ये बहुधा आठ. प्रत्येक डायोडसमोर किरण समांतर करणारी छोटी लेन्स असते. दोन-दोन किरण पायरीसारख्या लावलेल्या इवल्या आरशांवरून अगदी शेजारी-शेजारी आणले जातात. मग एका जोडीचं ध्रुवीकरण ९० अंशांत फिरवून पोलरायझिंग क्यूबमधून दोन्ही जोड्या एकमेकींवर बसवतात. शेवटच्या लेन्समधून हे सगळं एका ठिपक्यावर उतरतं. ठिपका साधारण ०.१ मि.मी.चा.

कापतो तो हा ठिपका. २० वॉट ०.१ × ०.१ मि.मी.वर उतरले तर दर चौरस मि.मी.ला २००० वॉट होतात. चारपैकी एक किरण शेजारी ०.१ मि.मी. सरकला, तर पॉवर मीटर पूर्वीइतकाच आकडा दाखवेल, पण कापणारे उरतात पंधरा वॉट. बाकीचे पाच शेजारचं लाकूड काळं करत बसतात. 'मीटरवर २० वॉट येतात, तरी कापत नाही' यात मीटर खोटा नसतो. तो फक्त बेरीज सांगतो. बेरीज एका जागी पडते का, हे त्याला कळत नाही.

सरकायला किती लागतं? लेन्सचं फोकल अंतर ५० मि.मी. धरलं, तर आतला आरसा एका अंशाच्या सतराव्या हिश्शाइतका तिरका झाला की किरण ०.१ मि.मी. बाजूला जातो. हे आरसे ठिकऱ्याएवढे असतात आणि गोंदाने चिकटवलेले असतात. मॉड्यूल सतत जास्त तापलं किंवा कधी बेडवर आपटलं, तर एवढी हालचाल सहज होते. आतलं झाकण उघडून ते बोटाने परत बसवता येईल ही आशा सोडा. उघडल्यावर आत गेलेली धूळ आरशांवर जळते, आणि आदल्या दिवशी एकच किरण चुकलेला असेल तर दुसऱ्या दिवशी चारही चुकतात.

दोन मॉड्यूल एकत्र जोडून शक्ती दुप्पट?

हा प्रश्न मधूनमधून येतोच, म्हणून इथेच उरकू. दोन मॉड्यूल तिरके बसवून त्यांचे ठिपके एकावर एक आणायचे, अशी कल्पना असते. समजा दोन्हींत ३० मि.मी. अंतर आहे आणि ६० मि.मी. खाली किरण मिळतात. मग कामाची उंची १ मि.मी. बदलली की ठिपके ०.५ मि.मी.ने फाटतात, म्हणजे ठिपक्याच्या पाचपट. आपल्याकडे मिळणारा ३ मि.मी. प्लाय एवढा वाकडा असतोच. शिवाय दोन्ही किरण तिरके शिरतात, त्यामुळे चीर वर रुंद, खाली निमुळती होते आणि कड तिरकी निघते.

अर्धपारदर्शक आरशाने जोडायचं म्हटलं, तर एकाच रंगाच्या, एकाच ध्रुवीकरणाच्या दोन किरणांतला निम्मा प्रकाश दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. म्हणजे शक्ती वाढत नाही, उलट दहा-वीस वॉटचा एक मोकाट किरण खोलीत सुटतो. जुन्या प्रोजेक्टरचे डायोड काढून उघड्यावर असे प्रयोग करणं म्हणजे डोळा पणाला लावणं. अर्ध्या वॉटच्या वरचा लेसर चौथ्या, सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतो. थेट किरणच कशाला, चमकत्या पत्र्यावरून उडालेला किरणही डोळ्याच्या पडद्यावर कायमचा डाग पाडतो, तोही पापणी मिटण्याच्या आत. जास्त जाड कापायचं असेल तर कारखान्यात जुळवलेलं जास्त वॉटचं मॉड्यूल घ्या, किंवा ते काम कार्बन डायऑक्साइड लेसरवाल्याकडे द्या.

मॉड्यूल घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. '८० वॉट', '१२० वॉट' हा विजेचा खप असतो. 'ऑप्टिकल' किंवा 'आउटपुट' शब्दापुढचा आकडा खरा.

हात लावण्याआधी मापाची पट्टी

निदान फसतं ते तुलनेला काही नसल्यामुळे. मशीन ठणठणीत असताना ३ मि.मी. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) एकाच शीटमधून हाताएवढ्या दहा-बारा पट्ट्या काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. प्लाय नको, एमडीएफच. प्लायमध्ये गाठी, भराव आणि गोंदाची जाडी जागोजाग बदलते. एका पट्टीवर शंभर टक्के पॉवरने, एअर असिस्ट (कटावर हवेचा झोत मारणारा पंप) चालू ठेवून, ४० मि.मी. लांबीच्या दहा रेघा मारा. वेग मिनिटाला १५० मि.मी.पासून प्रत्येक रेघेला ५० ने वाढवत ६०० पर्यंत. कुठल्या वेगापर्यंत रेघ मागून दिसली, ते पट्टीवरच तारीख आणि खोलीच्या तापमानासकट लिहा. पुढे शंका आली की त्याच पिशवीतली नवी पट्टी घ्या आणि तेच करा.

पट्टीचा निकाल जुनाच आला, तर मशीन ठीक आहे, प्लाय बदलला आहे. तेव्हा थेट खालचा 'भाद्रपदातला दोष' हा भाग बघा. निकाल घसरला तर क्रमाने पुढे वाचा.

थंड झाल्यावर सुधारतं का?

मशीन वीस-पंचवीस मिनिटं बंद ठेवा. मग पुन्हा पट्टी. सुधारली तर उष्णता किंवा काच. अजिबात सुधारली नाही तर फोकस, सेटिंग, वीज किंवा मेलेला डायोड. या एका फाट्यावर निम्मी शोधाशोध वाचते.

काच आधी घ्यायची, कारण मळलेली काचही तापून तशीच वागते. मॉड्यूलच्या तळाशी जी संरक्षक काच असते, तिच्यावर प्लायच्या गोंदाचा धूर चिकट पिवळट थर धरतो. हा थर निळा प्रकाश पितो, तापतो, काच मधोमध फुगते आणि फोकस सरकतो. म्हणून पहिली पाच मिनिटं चांगली जातात आणि मग कट उथळ होत जातो.

पुसण्याची पद्धत:

१. प्लग काढा, दहा मिनिटं थंड होऊ द्या.
२. रबरी फुंकणीने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब बसतात.
३. लाकडी किंवा कागदी काडीचा कापूस ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून झटका. काचेच्या मध्यापासून कडेकडे गोल फिरवत एकदाच पुसा. दुसऱ्या वेळी नवी काडी.
४. टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा. ढगाळ डाग राहिला तर परत पुसा. पांढरे खड्डे दिसले तर काच जळली, ती बदला.
५. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यातल्या ग्लिसरिनचा पापुद्रा मागे राहतो आणि पहिल्याच कटला जळतो. थिनर तर नकोच. बदली काच ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी परावर्तन रोखणारा लेप असलेलीच घ्या. फ्रेमवाल्याकडून कापून आणलेली साधी काच दोन्ही पृष्ठांवर मिळून आठ टक्के प्रकाश परत फेकते, आणि तो परत मॉड्यूलमध्येच जातो.

काच स्वच्छ असूनही थंड झाल्यावर सुधारत असेल, तर उष्णताच. वीस वॉट प्रकाश देताना डायोड ३०-४० वॉट उष्णता सोडतात, आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास दिलेली असते. परभणी-नांदेडकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ती सकाळी दहालाच ओलांडली जाते. तापलेल्या डायोडचा प्रकाश त्याच करंटला कमी होतो, आणि आयुष्यही झपाट्याने घटतं.

हीटसिंकच्या पात्या बघा. काजळी आणि कापसासारखी धूळ मिळून तिथे नमदा तयार होतो. मऊ ब्रशने आणि हवेने काढा, पंख्याला मात्र बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. पंखा खरखरत असेल तर त्याच व्होल्टेजचा, त्याच मापाचा बदला. एन्क्लोजर (मशीनभोवतीची बंद पेटी) असेल तर धूर ओढणारा पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो का, बघा. अनेकांचा पाइप इतका लांब आणि वळणदार असतो की धूर जेमतेम जातो, उष्णता आतच राहते.

कूलर थेट मशीनवर मारू नका. खोली थंड व्हायला तो चालतो, पण झोतातले बारीक थेंब बोअरच्या जड पाण्याचे असतात. काचेवर ते वाळले की पांढरा क्षार उरतो, आणि प्लायही ओल धरतो. जाड कटिंग पहाटे किंवा रात्री, दुपारी फक्त कोरीवकाम, हा उन्हाळ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय. मोठी फाइल वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत पाडली तरी फरक पडतो.

थंड असतानाही कापत नसेल

आधी सॉफ्टवेअर, कारण त्याला पैसा लागत नाही. ग्रबल फर्मवेअर (बोर्डातली मशीन चालवणारी प्रणाली) असलेल्या मशीनला सॉफ्टवेअरच्या कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, $$ पाठवा. $३० समोरचा आकडा आणि सॉफ्टवेअरमधला 'एस व्हॅल्यू मॅक्स' सारखे हवेत. बोर्डावर १००० आणि सॉफ्टवेअरमध्ये २५५ असेल, तर शंभर टक्के म्हणून पाठवलेली पॉवर प्रत्यक्षात २५ टक्के निघते. लॅपटॉप बदलला, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं की हे हमखास होतं. $३२ (लेसर मोड) समोर १ हवा.

लांब रेघा आरपार आणि बारीक नक्षीच तेवढी अडकलेली, असं असेल तर वेगानुसार पॉवर बदलणारा एम ४ मोड चालू आहे. वळणावर वेग पडतो तशी पॉवरही पडते आणि एका मर्यादेखाली प्लाय नुसता करपतो. कटिंगला एम ३, म्हणजे स्थिर पॉवर ठेवा. कोपरे जरा जास्त काळे होतील, पण तुकडा सुटेल.

मग फोकस. १०० मि.मी. लांब पट्टीच्या एका टोकाखाली १० मि.मी. जाडीचा ठोकळा ठेवा, कमी पॉवरने लांबीभर एक रेघ मारा. रेघ सगळ्यात बारीक आणि गडद जिथे, तिथली उंची खरी. ती मशीनच्या फोकस-काडीने दाखवलेल्या उंचीशी जुळते का ते बघा. ३ मि.मी. कापताना फोकस वरच्या पृष्ठावर न ठेवता १ मि.मी. आत उतरवा.

न कापलेली जागा कुठे येते, तेही बोलतं. शीट फिरवून पुन्हा कापा. दोष शीटबरोबर फिरला तर प्लायमधली गाठ किंवा भराव. बेडच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर बेडची पातळी. गॅन्ट्री (मॉड्यूल वाहणारा आडवा दांडा) एका टोकाला गेल्यावरच प्रकाश मंदावत असेल, तर मॉड्यूलची वायर वाकून आतून तुटत आली आहे.

एअर असिस्टचं माप घरच्या घरी निघतं. पाच लिटरचा डबा पाण्याने भरून बादलीत उलटा धरा, नळी आत घाला. डबा दहा सेकंदांत रिकामा झाला तर मिनिटाला ३० लिटर, पंधरा सेकंदांत तर २०. कटिंगला एवढं हवं. मिनिटभर लागत असेल तर तो फिशटँकचा पंप आहे, त्याने धूर चिरेतून निघत नाही आणि किरण धुरातच अडतो. रंगकामाचा कॉम्प्रेसर लावला असेल तर तेल-पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर आठवड्यात काच तेलकट.

वीज: मेनचं व्होल्टेज पडलं म्हणून लेसर मंदावतो, ही समजूत फारशी खरी नाही. अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो. दगा देतो तो अडॅप्टर स्वतः. चार डायोड ओळीत असतील तर त्यांनाच १७-१८ व्होल्ट लागतात, वर ड्रायव्हरला (डायोडना करंट पुरवणाऱ्या सर्किटला) थोडे जास्त व्होल्ट हवेत. बोर्डाच्या २४ व्होल्टच्या टर्मिनलला मल्टिमीटरच्या वायरी आधी जोडून मशीनच्या झाकणाबाहेर काढा आणि झाकण बंद करून शंभर टक्क्यांवर कट चालवा. २३ च्या खाली जात असेल तर अडॅप्टर किंवा पिन सैल.

किरणांची मोजणी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर मॉड्यूलकडे वळायचं. एमडीएफवर २० मि.मी.चा चौकोन कापा. समोरासमोरच्या दोन बाजू आरपार आणि उरलेल्या दोन अर्धवट असतील, तर ठिपका एका दिशेने लांबट झाला आहे. थोडा फरक नव्या मॉड्यूलमध्येही असतो, कारण ठिपका मुळात आयताकृती असतो. पूर्वी सारख्या कापल्या जाणाऱ्या बाजूंमध्ये फरक पडला असेल, तर एखादा किरण सरकला.

दुसरी खूण: मॉड्यूल नेहमीच्या उंचीपेक्षा २५ मि.मी. वर घ्या, जाड काळ्या कार्डवर एका जागी क्षणभर फायर करा. झाकण बंद, चष्मा डोळ्यांवर. ठिपक्याकडे बघायचं नाही, मशीन बंद करून कार्डवरचा डाग बघायचा. फोकसबाहेर किरण वेगवेगळे उमटतात. ध्रुवीकरणाने जोडलेल्या मॉड्यूलमध्ये चारऐवजी दोनच पट्टे दिसतात, कारण प्रत्येक पट्ट्यात दोन किरण असतात. एक पट्टा दुसऱ्याहून स्पष्ट फिका असेल तर त्यातला एक डायोड गेला. पट्टा फाटल्यासारखा दुहेरी दिसला तर जुळणी सुटली. नवं मॉड्यूल असतानाचा असा एक डाग मापाच्या पट्टीसोबत ठेवला, तर तुलना क्षणात होते.

चष्म्यावर ४५० नॅनोमीटर सामावणारा पट्टा आणि ओडी (प्रकाश अडवण्याची क्षमता) ५ किंवा जास्त, असं छापलेलं हवं. गॉगल किंवा नुसती रंगीत प्लॅस्टिक काच चालत नाही. चष्मा एकच असेल, तर फायर करताना खोलीत माणूसही एकच. जवळ पाण्याचा फवारा आणि अग्निशामक ठेवा. प्लायचा तुकडा पेट घेतो तो नेमका चहाला गेल्यावर.

भाद्रपदातला दोष

पावसाळ्यात पट्टी नीट कापली जाते आणि प्लाय नाही, असं होतं. पिशवीतली पट्टी कोरडी असते, भिंतीला टेकवलेला प्लाय नसतो. किरणाची शक्ती आधी पाणी उकळण्यात जाते. शीट जमिनीपासून वर, आडव्या, वर वजन ठेवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. उन्हात उभ्या करून वाळवल्या तर वाकतात.

प्लायचा गोंदही विचारा. आयएस ७१० चा मरीन प्लाय महाग म्हणून चांगला, असं लेसरच्या बाबतीत नाही. त्यातला फिनॉलचा काळा गोंद किरण अडवतो. आयएस ३०३ चा एमआर (ओलावा सोसणारा) ग्रेड सोपा जातो. सनबोर्ड आणि रेक्झिन कधीच नको. दोन्ही पीव्हीसी, धुरात हायड्रोजन क्लोराइड निघतो, घसा आणि मशीनच्या रेल दोन्ही खातो. पारदर्शक ॲक्रेलिकमधून निळा किरण सरळ पार जातो. तिथे कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही.

मॉड्यूल बदलताना

डाग फिका निघाला आणि वॉरंटी असेल, तर मॉड्यूलचं झाकण न उघडता डागाचा फोटो, पट्टीचा निकाल आणि २४ व्होल्टचं माप विक्रेत्याला पाठवा. 'कापत नाही' या दोन शब्दांवर तो काच पुसायलाच सांगणार. नवं मॉड्यूल बसवताना जुन्या आणि नव्या कनेक्टरच्या पिनांचा क्रम ताडून बघा. १२ आणि २४ व्होल्टची मॉड्यूल सारख्याच कनेक्टरने येतात, आणि उलटं लागलं तर ड्रायव्हर पहिल्याच क्षणी जातो. फोकसची काडी नव्या मॉड्यूलसोबतचीच वापरा. पहिल्या दिवशीच एमडीएफची पट्टी आणि काळ्या कार्डवरचा डाग काढून, तारीख टाकून पिशवीत ठेवा.